दांडग्या कुत्र्यासाठी टिकाऊ गळपट्टा निवडताना

कुत्र्याचा पट्टा निकामी होतो म्हणजे तो मधोमध तुटतो, असा बहुतेक नव्या श्वानपालकांचा समज असतो, आणि म्हणून दुकानात गेल्यावर ते पट्टा दोन्ही हातांत धरून ताणून पाहतात. हातांच्या ताणाने तो अर्थातच तुटत नाही, आणि रस्त्यावर कुत्र्याच्या ओढीनेही तो सहसा असा तुटत नाही. प्रत्यक्षात हातातली दोरी अडकवायची कडी सांध्यापाशी उघडते, बक्कलची दांडी वाकते, प्लॅस्टिकचा खटका निसटतो, कडीभोवतीची शिलाई उसवते, किंवा यांपैकी काहीही न होता अख्खा पट्टा कुत्र्याच्या डोक्यावरून निघून येतो. पट्टे तुटतात त्याहून सुटतात अधिक. त्यामुळे टिकाऊ पट्टा निवडताना चामड्याच्या जाडीकडे पाहण्याआधी त्याचे सांधे आणि त्याचे माप पाहावे लागते.

आमच्याकडे ढाण्या नावाचा कुत्रा आहे, जर्मन शेफर्ड आणि गावठी यांच्या संकरातला, वजन ३८ किलो. तो दोन वर्षांचा असताना त्याच्यासाठी घेतलेला जाड चामड्याचा पट्टा हातात ठेवताना दुकानदार म्हणाला होता, की याला बैल बांधलात तरी चालेल. तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या फाटकापाशी मांजर आडवे गेले आणि क्षणात ढाण्या रस्त्यापलीकडे, पट्टा त्याच्या गळ्यात आणि लीश, म्हणजे पट्ट्याला अडकवायची दोरी, माझ्या हातात, अशी वाटणी झाली. चामड्यावर ओरखडाही नव्हता. कडी मात्र एका बाजूने पार उघडली होती, कारण ती तार वाकवून नुसती टोकाला टोक भिडवलेली होती, जोडलेली नव्हती. सुदैवाने त्या वेळी रस्ता मोकळा होता.

पट्ट्यावर येणारा ताण

कुत्रा सावकाश ओढत चालतो तेव्हा पट्ट्यावर येणारा ताण त्याच्या वजनापेक्षा कमीच असतो. खरी परीक्षा झटक्याची असते. ३५ किलोचा कुत्रा सैल लीशवर धावत सुटला आणि त्याचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर झाला, तर त्याच्या गतीत सुमारे ४४० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. लीश ताठ झाल्यावर तो ३० सेंटिमीटरांच्या आत थांबला, तर त्या थांबण्यात सरासरी सुमारे १५० किलो वजनाइतका ताण येतो आणि क्षणभराचा कमाल ताण त्याहूनही मोठा असतो. हेच थांबणे ६० सेंटिमीटरांत झाले, तर सरासरी ताण निम्म्यावर येतो.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. कुत्र्याच्या वजनाइतका भार सोसणारा पट्टा पुरत नाही. त्याच्या चार-पाच पट क्षमता हवी. दुसरी गोष्ट लीशची. लांब आणि सैल लीश कुत्र्याला धाव घ्यायला जागा देते, त्यामुळे झटका वाढतो. गर्दीच्या रस्त्यावर दांडग्या कुत्र्याला चार ते सहा फुटांच्या लीशवर, तीही अर्धी हातात गुंडाळून नव्हे तर मुठीत नीट घडी घालून धरलेल्या लीशवर चालवावे, म्हणजे पट्ट्याचेही आयुष्य वाढते आणि आपल्या मनगटाचेही. आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या दोरीची लीश अशा कुत्र्यासाठी मुळीच घेऊ नये.

पहिली पायरी: मान आणि डोके, दोन्हींचे माप

शिवणकामाची टेप घ्यावी. ती नसेल तर सुतळीने माप घेऊन ती पट्टीवर मोजावी. कुत्रा उभा असताना मानेच्या मध्यावर, पट्टा जिथे स्वाभाविकपणे बसतो तिथे, टेप फिरवावी आणि टेपखाली दोन बोटे आडवी ठेवून माप नोंदवावे. जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांच्या कुत्र्यात टेप केसांवरून न नेता केसांत दाबून न्यावी, नाहीतर इंच-दीड इंचाची चूक सहज होते. दुसरे माप कानांच्या लगेच मागे, मान सर्वांत बारीक असते तिथले. तिसरे माप डोक्याच्या सर्वांत रुंद भागाचे, म्हणजे कानांच्या पुढून हनुवटीखालून फिरवलेले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मापांतला फरक फार महत्त्वाचा आहे. रॉटवायलर किंवा लॅब्राडोर यांचे डोके मानेपेक्षा चांगले रुंद असते, त्यामुळे साधा बक्कलचा पट्टा नीट आवळलेला असेल तर तो डोक्यावरून निघत नाही. कारवान किंवा मुधोळ यांसारख्या शिकारी कुत्र्यांची गोष्ट अगदी उलट आहे. त्यांचे डोके लांबट व अरुंद, मान लांब आणि स्नायूंनी भरलेली. अशा कुत्र्याने मागच्या पायांवर जोर देऊन उलटे सरकत डोके खाली घातले, की पट्टा अंगरखा काढावा तसा निघतो. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे कारवान पाळणाऱ्यांना ही युक्ती चांगली ठाऊक असते. शहरात पहिल्यांदाच कारवान आणणाऱ्यांना ती पहिल्या आठवड्यात कळते. दोन्ही मापे जवळजवळ सारखी आली, तर पुढे सांगितलेला मार्टिंगेल पद्धतीचा पट्टा घ्यावा.

माप घेऊन दुकानात गेल्यावर आणखी एक गोंधळ होतो. काही विक्रेते पट्ट्यावर त्याची टोकापासून टोकापर्यंतची लांबी लिहितात, तर काही त्यात बसणाऱ्या मानेचे माप लिहितात. २४ इंच लिहिलेला पट्टा प्रत्यक्षात २० इंचांच्या मानेचा असू शकतो. म्हणून छापलेल्या आकड्यावर न जाता बक्कलच्या दांडीच्या बुडापासून मधल्या छिद्रापर्यंतचे अंतर स्वतः मोजावे आणि ते आपल्या पहिल्या मापाशी जुळते का, ते पाहावे. पाच छिद्रांच्या पट्ट्यात तिसरे छिद्र लागले पाहिजे, कारण उन्हाळ्यात केस झडल्यावर पट्टा आवळावा लागतो आणि वजन वाढल्यावर सैल करावा लागतो.

पिल्लासाठी भारी पट्टा घेण्याची घाई करू नये. मोठ्या जातींची वाढ साधारण दीड वर्षापर्यंत चालू राहते, आणि त्या काळात दोन-तीन वेळा पट्टा बदलावाच लागतो. तोवर साधा नायलॉनचा, कमी-जास्त करता येणारा पट्टा पुरे आहे; फक्त दर आठवड्याला दोन बोटे घालून पाहावे. वाढत्या पिल्लाच्या गळ्यात विसरलेला पट्टा कातडीत रुतून जखम झाल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नवी नाहीत.

दुसरी पायरी: रुंदी

ढोबळ मानाने २० ते ३० किलोच्या कुत्र्याला २५ मिलिमीटर, ३० ते ४५ किलोच्या कुत्र्याला ३५ ते ४० मिलिमीटर आणि त्यावरच्या कुत्र्याला ४५ ते ५० मिलिमीटर रुंदीचा पट्टा योग्य ठरतो. रुंदी वाढली की तोच ताण मानेच्या जास्त भागावर पसरतो, म्हणून ओढणाऱ्या कुत्र्याला अरुंद पट्टा घालणे निर्दयपणाचे आहे. पण रुंदी म्हणजे मजबुती असे मात्र समजू नये. दोन इंच रुंद पट्ट्याला जर चपट्या तारेची कडी आणि हलके बक्कल लावलेले असेल, तर त्याची मजबुती त्या कडीइतकीच असते.

मान आखूड असलेल्या कुत्र्याला फार रुंद पट्टा घातला, तर त्याची वरची कड जबड्याला आणि खालची खांद्याला घासते. कुत्र्याने मान खाली घालून जमीन हुंगली की पट्टा दुमडतो का, हे घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. पट्ट्याच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात. त्या गोलसर घासलेल्या असाव्यात. चौकोनी, तीक्ष्ण कड आठवडाभरात मानेखालचे केस कापते.

तिसरी पायरी: धातूचे भाग

खरेदीतला निम्मा वेळ इथे द्यावा, असे माझे मत आहे.

सुरुवात कडीपासून करावी. लीश अडकवायची कडी बहुधा डी-आकाराची असते आणि तिची सरळ बाजू पट्ट्याच्या आत दडलेली असते. तारेचा जोड नेमका याच बाजूला असतो, म्हणून तो सहज दिसत नाही. पट्टा थोडा मागे सारून कडी फिरवावी आणि सरळ बाजूवरून नख ओढावे. नख फटीत अडकले तर कडी नुसती वाकवलेली आहे. तो पट्टा तिथेच परत ठेवावा. जोडलेल्या कडीवर वेल्डिंगचा बारीक उंचवटा लागतो किंवा तो घासून सपाट केलेला असतो. ३० किलोंवरच्या कुत्र्यासाठी कडीची तार किमान ५ मिलिमीटर जाड असावी. पट्टा ४० मिलिमीटर रुंद असेल तर कडीची आतली रुंदीही तितकीच हवी. लहान कडीत पट्टा चुरगळून बसवलेला असला, की ताण कडेच्या काही टाक्यांवर येतो.

धातू ओळखण्यासाठी खिशात लहानसे लोहचुंबक न्यावे. चुंबक घट्ट चिकटले तर आत बहुधा साधे लोखंड असून वरून निकेल किंवा क्रोमचा मुलामा आहे. तो नवा असताना आरशासारखा चमकतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात जिथे लीशचा हूक घासतो तिथून गंजू लागतो. चुंबक चिकटले नाही तर ते पितळ, चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा जस्ताचा मिश्रधातू यांपैकी काहीही असू शकते. इथे पुष्कळ लोक फसतात, कारण जस्ताच्या ओतीव कड्या-बक्कलांनाही चुंबक चिकटत नाही आणि त्यांवर पितळी मुलामा दिला की त्या हुबेहूब पितळेसारख्या दिसतात. हा मिश्रधातू ठिसूळ असतो. तो वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतो. ओतीव वस्तूच्या कडेने साच्याच्या दोन भागांची बारीक शिवण दिसते, आणि आकाराच्या मानाने ती हाताला हलकी लागते. पितळ त्याहून पाव हिश्शाने जड असते. पितळही ओतीव असू शकते, म्हणून शिवण आणि वजन या दोन्ही खुणा एकत्र पाहाव्यात. अस्सल पितळ आतल्या बाजूला थोडे खरवडले तर तेथेही पिवळेच निघते, मुलाम्याखाली राखाडी निघते. दुकानदार खरवडू देणार नाही हे उघड आहे, पण विचारल्यावर त्याचा चेहरा काय सांगतो ते पाहता येते.

बक्कल साध्या दांडीचे, चामड्याच्या कमरपट्ट्याला असते तसेच, सर्वांत भरवशाचे. दांडी जाड आणि सरळ असावी, तिचे टोक चौकटीवर पूर्ण टेकावे, आणि चौकटीचा जोडही वेल्डिंग केलेला असावा. दोन दांड्यांचे बक्कल दिसायला भक्कम असते. त्याचा माझा अनुभव मिश्र आहे. दोन ओळींत छिद्रे पडल्याने तितक्या ठिकाणी पट्ट्याचे चामडे कमी होते, दोन्ही दांड्यांवर सारखा भार येईलच असे नाही, आणि चिंब भिजलेल्या कुत्र्याच्या गळ्यातून ते एका हाताने सोडवणे कठीण जाते. ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्याला मात्र ते शोभते, कारण तिथे एकाच दांडीवर पट्टा तिरका होतो.

प्लॅस्टिकचे दोन बाजूंनी दाबून उघडायचे बक्कल सोयीचे खरे, पण दांडग्या कुत्र्यासाठी टाळावे. उन्हात राहून प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि त्याच्या आतल्या जिभा झिजल्या आहेत हे बाहेरून दिसत नाही. शिवाय अशा पट्ट्यांत लांबी कमी-जास्त करणारी सरकपट्टी असते. ती रोजच्या हिसक्यांनी हळूहळू सरकत जाते आणि महिनाभरात पट्टा दोन बोटांऐवजी चार बोटे सैल झालेला असतो.

लीशच्या हुकाकडेही याच नजरेने पाहावे. पट्ट्याची कडी भक्कम आणि हूक जस्ताचा, असा जोड फार आढळतो. हुकाची फिरती मान आणि खटक्याची स्प्रिंग या दोन जागा तपासाव्यात.

चौथी पायरी: चामडे, नायलॉन की आणखी काही

चामड्यात पहिला प्रश्न ते अखंड आहे की नाही हा आहे. चामड्याचा चुरा डिंकात कालवून दाबलेल्या आणि वर छान दाणा उमटवलेल्या पट्ट्याही चामड्याच्या नावानेच विकल्या जातात. छिद्राच्या कडेला किंवा कापलेल्या टोकाला नीट पाहावे. अखंड चामड्यात सलग, गुंतलेले तंतू दिसतात. नकली पट्ट्यात कागद, कापड किंवा फोमचे थर दिसतात. दुसरा प्रश्न कमावण्याच्या पद्धतीचा. क्रोमने कमावलेले चामडे मऊ असते, पाणी जरा अधिक सोसते आणि कापलेल्या कडेला मध्यभागी निळसर-करडी छटा दाखवते. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले चामडे आरपार तपकिरी, कडक आणि ताणाला कमी लांबणारे असते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून याच पद्धतीने कमावतात. ओढणाऱ्या कुत्र्याच्या पट्ट्याला हे दुसरे चामडे अधिक योग्य, कारण त्याची छिद्रे ताणाने लवकर लंबगोल होत नाहीत. एकेरी पट्ट्याला साधारण ४ मिलिमीटर जाडी हवी. दुहेरी शिवलेल्या पट्ट्यात प्रत्येक थर २ ते २.५ मिलिमीटरचा असला तरी चालतो.

रंगीत चामडे घ्यायचे असल्यास ओला पांढरा रुमाल पट्ट्याच्या आतल्या बाजूवर घासून पाहावा. रंग उतरला तर तो कुत्र्याच्या मानेवर उतरणारच.

चामड्याचा खरा शत्रू आपला पावसाळा आहे. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर चामड्याचा पट्टा कधी पुरता वाळतच नाही, त्यावर बुरशी येते आणि त्याखाली कुत्र्याच्या मानेला ओलसरपणाचे चट्टे पडतात. म्हणून तिथे राहणाऱ्यांनी दोन पट्टे ठेवावेत, चामड्याचा कोरड्या दिवसांसाठी आणि विणलेल्या पट्टीचा पावसासाठी. विदर्भ-मराठवाड्यात चामड्याचा एकच पट्टा वर्षभर पुरू शकतो.

विणलेल्या पट्ट्यांमध्ये तीन धागे नेहमी भेटतात. नायलॉन सर्वांत चिवट, पण तो पाणी शोषतो, ओला झाला की थोडा लांबतो आणि त्याची ताकद काहीशी घटते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही आणि उन्हालाही नायलॉनपेक्षा चांगला टिकतो, म्हणून आपल्या हवेत मी पॉलिएस्टरला झुकते माप देतो. तिसरा पॉलिप्रोपिलीन, हा सर्वांत स्वस्त आणि उन्हाने लवकर कुजणारा. तो ओळखण्याची सोपी रीत म्हणजे पट्टीचा कापलेला तुकडा पाण्यात बुडवून त्यातली हवा पिळून काढावी. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात, पॉलिप्रोपिलीन तरंगतो. अर्थात ही परीक्षा घरीच करता येते, दुकानात बादली मागणे बरे दिसत नाही. चांगल्या, घट्ट विणीच्या नायलॉन पट्टीची क्षमता कित्येक शे किलोंची असते, त्यामुळे दाट विणीची पट्टी मिळाली की उरलेली चिंता पुन्हा कडी, बक्कल आणि शिलाई यांचीच करावी.

पॉलिएस्टरच्या पट्टीवर प्लॅस्टिकचा लेप दिलेले पट्टे आता सहज मिळतात. ते पाण्याने पुसले की स्वच्छ होतात, त्यांना वास येत नाही, बुरशी धरत नाही. समुद्रावर किंवा चिखलात जाणाऱ्या कुत्र्याला हे उत्तम. कडेने लेप सुटून आतला धागा दिसू लागला की मात्र तो पट्टा बाद समजावा.

साखळीचा पट्टा सर्वांत मजबूत, हे मत गावोगाव ऐकू येते. साखळी तुटत नाही हे खरे, पण ती केस कापते, मानेवर काळा डाग पाडते आणि ताण कातडीवर एका अरुंद रेषेत देते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने वा दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्यावे.

पाचवी पायरी: शिलाई आणि रिबिटा

विणलेल्या पट्ट्यात कडीच्या दोन्ही बाजूंना चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई असावी. एकाच आडव्या रेघेची शिलाई असेल, तर एक टाका तुटला की बाकीचे पाठोपाठ उसवतात. कडी पट्ट्याच्या स्वतःच्या दुमडीत ओवलेली असावी. वरून शिवलेल्या छोट्या तुकड्यात अडकवलेली असेल, तर सगळा भार त्या तुकड्याच्या टाक्यांवर येतो. चामड्याच्या पट्ट्यात धागा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला हवा. सुती धागा घामाने आणि पावसाने आतून कुजतो व वरून तसाच दिसत राहतो. शिलाईच्या जोडीला रिबिटा असतील तर उत्तम, पण त्या भरीव तांब्याच्या, मागे चकती घालून ठोकलेल्या असाव्यात. पिशव्यांना लावतात तसल्या पोकळ टोपीच्या रिबिटा नखाने उचकटता आल्या, तर त्या शोभेच्या आहेत असे समजावे.

मनासारखा पट्टा तयार मिळत नसेल, तर चामड्याचे काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून करून घ्यावा. घोड्यांचे लगाम आणि खोगिरे बनवणारा कोणी मिळाला तर अधिकच चांगले. त्याला जनावराच्या ओढीचा अंदाज असतो. त्याला कडी आणि बक्कल आपण स्वतः आणून द्यावे. जहाजाचे आणि बोटींचे सामान विकणाऱ्या दुकानांत वेल्डिंग केलेल्या स्टेनलेस कड्या मिळतात. छिद्रे गोल पंचाने पाडायला सांगावीत. सुरीने चीर दिलेले छिद्र तिथूनच फाटत जाते. दोन छिद्रांत एक इंच अंतर ठेवले की पुरते.

सहावी पायरी: पट्ट्याचा प्रकार

रोजच्या वापराला साधा सपाट, बक्कलचा पट्टा घ्यावा. अरुंद डोक्याच्या कुत्र्यासाठी मार्टिंगेल. यात दोन फेरे असतात, मोठा मानेभोवतीचा आणि लहान लीशचा. कुत्र्याने ओढले की लहान फेरा मोठ्याला आवळतो, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा आपण बेतायची असते: पूर्ण ताणल्यावर पट्टा कानांमागच्या बारीक मापाइतका व्हावा आणि त्या वेळी बाजूच्या दोन कड्या एकमेकींना भिडू नयेत. त्या भिडल्या तर पट्टा आणखी आवळू शकत नाही आणि डोके निसटू शकते. मार्टिंगेल फिरायला जातानाच घालावा, घरी एकट्या कुत्र्याच्या गळ्यात तो ठेवू नये.

वरच्या बाजूला पकडायची मूठ शिवलेला रुंद पट्टा गर्दीत, लिफ्टमध्ये किंवा दवाखान्यात फार उपयोगी पडतो. पण मोकळ्या रानात ती मूठ झुडपात अडकते.

आतल्या बाजूला काटे असलेला किंवा मर्यादेशिवाय आवळत जाणारा पट्टा दांडग्या कुत्र्यासाठी आवश्यकच आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. मानेत श्वासनलिका, थायरॉइड ग्रंथी आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. पट्ट्याविरुद्ध ओढत असताना कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि छातीपट्ट्याने तसा वाढत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. २०२० साली ब्रिटनमधील संशोधकांनी मानेच्या कृत्रिम प्रतिकृतीवर वेगवेगळे पट्टे ओढून पाहिले, तेव्हा जोराच्या ओढीत एकही पट्टा पूर्ण निर्धोक ठरला नाही. त्यामुळे सतत ओढणाऱ्या कुत्र्याला शिकवण सुरू असेपर्यंत लीश छातीपट्ट्याला लावावी. गळ्यातला पट्टा तेव्हाही असू द्यावा, ओळखपत्रासाठी आणि दुसऱ्या आधारासाठी. निसटण्याची सवय असलेल्या कुत्र्याला दोन हुकांची लीश घेऊन एक हूक पट्ट्याला आणि एक छातीपट्ट्याला लावतात. डोळ्यांचा किंवा श्वासाचा विकार असलेल्या कुत्र्याबाबत पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे.

बाहेरच्या बाजूला लोखंडी काटे असलेला पट्टा ही वेगळी वस्तू आहे. हिमालयातले मेंढपाळ आपल्या राखणदार कुत्र्यांच्या गळ्यात तो बांधतात, कारण बिबट्या पहिला घाव मानेवर घालतो. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर त्याने लोकांचे पाय आणि दुसऱ्या कुत्र्यांची तोंडे तेवढी जखमी होतात.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी रस्त्यावर जाऊ नये. लीशचा हूक पट्ट्याच्या कडीला लावून पट्टा दाराच्या भक्कम कडीभोवती किंवा झाडाच्या बुंध्याभोवती बांधावा आणि आपण शरीराचा भार टाकून दहा-बारा हिसके द्यावेत. नंतर कडी, दांडी आणि शिलाई पुन्हा पाहावी. मग पट्टा कुत्र्याला घालून, दारे बंद असलेल्या खोलीत किंवा अंगणात, लीश हळूच पुढच्या दिशेने ओढावी आणि कुत्रा मागे सरकला तर पट्टा कानांवर येतो का, ते पाहावे. कानांच्या बुडाशी आला तर एक छिद्र आवळावे.

ओळखीची पत्री लोंबती ठेवण्यापेक्षा पट्ट्यावर सपाट रिबिटांनी बसवून घ्यावी. तिच्यावर आपला फोन नंबर कोरलेला असावा. कुत्र्याचे नाव नसले तरी चालते. महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला असेल तर तो लीशच्या कडीत न अडकवता वेगळ्या लहान कडीत लावावा, कारण बिल्ल्याची कडी हुकात अडकून खटका अर्धवट उघडा राहू शकतो.

रात्री आणि कुत्रा घरात एकटा असताना पट्टा काढून ठेवावा. दोन कुत्रे दंगामस्ती करत असतील तर दोघांचेही पट्टे काढावेत. एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला आणि दोघे घाबरून गरगरू लागले, तर मजबूत पट्टाच गळफास होतो. पट्टा काढल्यावर मानेवरून हात फिरवण्याची सवय ठेवावी. गोचिडी सर्वांत आधी पट्ट्याखालीच दडतात, आणि केस गळून लाल झालेली जागाही तिथेच सापडते.

चामडे आठवड्यातून एकदा ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवलेले चामडे तडकते. तेल दोन-तीन महिन्यांतून एकदा, बोटाने चोळून, अगदी थोडे. तेलात मुरवलेला पट्टा मऊ लागतो म्हणून लोक खूश होतात, पण तो लांबतो आणि त्याची छिद्रे सैल होतात. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने घराबाहेर झटकून, पुसून हवेशीर जागी टांगावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये. समुद्रावरून आल्यावर पट्टा, कडी आणि हूक गोड्या पाण्याने धुवावेत, पितळेचे असले तरी. विणलेला पट्टा साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला घालू नये.

महिन्याच्या पहिल्या तारखेला, गोचीडनाशक औषध घालण्याच्या दिवशीच, पट्ट्याची तपासणी करावी म्हणजे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. हूक घासतो त्या जागी कडीची तार तिसऱ्या हिश्शाने झिजली असेल, वापरातले छिद्र लंबगोल होऊन दुसऱ्या छिद्राकडे सरकू लागले असेल, चामडे दुमडल्यावर बारीक भेगा पडत असतील, दांडी वाकली असेल किंवा शिलाईचे दोनहून अधिक टाके तुटले असतील, तर पट्टा बदलावा. चामडे चांगले असेल तर कारागीर नवी कडी आणि नवी शिलाई करून देतो, आणि ते नव्या पट्ट्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. पूर्ण बाद झालेला पट्टा मात्र कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने दोन तुकडे करून टाकावा. तसाच ठेवला तर घाईच्या सकाळी घरातले कोणीतरी तोच उचलून कुत्र्याच्या गळ्यात घालते. आमच्याकडे असे दोनदा झाले आहे.